प्रौढ वय व फटफटी

रविवारीं पहाटे कल्याणहून मुरबाडच्या रस्त्यास लागणाऱ्या प्रवाशास अलीकडे एक देखावा हटकून दिसतो. चहाच्या टपरीपाशीं सात-आठ अवजड मोटारसायकली ओळीनें उभ्या असतात. त्यांच्या बाजूंस सामानाच्या पेट्या असतात व पुढें वारा अडविणारी काच असते. स्वार शिरस्त्राणें काढून कपबशा हातांत घेऊन उभे असतात. शिरस्त्राणाखालून तरुण चेहरे निघतील अशी पाहणाराची अपेक्षा. निघतात त्या पिकलेल्या मिशा, टकलें आणि दुहेरी भिंगांचे चष्मे. कोणी बँकेंतून सेवानिवृत्त झालेला, कोणी दंतवैद्य, कोणी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लहानसा कारखाना चालविणारा.

पाहणारांपैकीं कोणी हसतो, कोणी मान हालवितो. पण ‘ह्या वयांत हें काय खूळ!’ हा उद्गार दोघांच्याहि मनांत सारखाच असतो. आमच्या शाळेच्या पालकवर्गांत अशा खुळ्यांची संख्या वाढत चालली आहे. आठवींतील एका विद्यार्थ्यानें ‘माझे वडील’ ह्या निबंधांत लिहिलें होतें कीं, बाबांनीं मोठी मोटारसायकल घेतल्यापासून शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत आई त्यांच्याशीं बोलत नाहीं. त्या निबंधास आम्हीं गुण चांगले दिले. परंतु त्यांतील प्रश्न वहींत मिटवून ठेवण्यासारखा नव्हता. त्याविषयींचें आमचें मत प्रथमच सांगून टाकतों. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें फटफटीवर बसून दूरचा प्रवास करावा ह्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं; उलट ह्या वाहनास जो गुण लागतो तो विशीपेक्षां पन्नाशींतच अधिक सांपडतो. मात्र आपल्या देहाचा जमाखर्च जो खोटा लिहितो त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

फटफटी हा शब्द आमच्या आजोबांच्या वेळचा, आणि आम्हांस तो आवडतो. कारण त्यांत वाहनाचा आवाज आहे. ह्या वाहनांच्या जाति अनेक. शर्यतीच्या जातीवर स्वार टाकीवर ओणवा होतो. निव्वळ प्रवासी जातीवर आरामखुर्चींत बसल्यासारखा बसतो. ह्या दोहोंच्या मधली जी जाति तिला स्पोर्ट टूरिंग असें नांव आहे. ती वळणावर चपळ असते, सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पाठीस फारशी वांकवीत नाहीं आणि दोन-चार दिवसांचें सामान सहज वाहते. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कंपनीनें १९७६ सालीं आर १०० आरएस नांवाची गाडी काढली. स्वारास वाऱ्यापासून पुरता आडोसा देणारें कवच तिला कारखान्यांतूनच बसविलेलें असे. ह्या जातीचा वंश बहुतेक जाणकार तिच्यापासून मोजतात.

आमच्याकडे ही जाति फार उशिरां आली. आज जे पन्नाशींत आहेत त्यांच्या तारुण्यांत मद्रासची बुलेट होती, म्हैसूरची येझदी होती, आणि १९८५ सालापासून यामाहाची आरएक्स १०० होती. कॉलेजच्या फाटकाशीं आरएक्सचा आवाज ऐकून ज्यांच्या काळजाचा ठोका चुकला असे आमचे कित्येक समवयस्क आज वधूपिते आहेत. संसार सुरू झाला कीं फटफटीची जागा बजाजच्या चेतकनें घ्यावी, असा शिरस्ताच होता: पुढें मूल उभें, मागें पत्नी, पायाशीं भाजीची पिशवी. त्यांत दुःख मानण्यासारखें कांहीं नव्हतें. चेतकनें मध्यमवर्गाचे संसार वाहिले. पण इच्छा मेली नव्हती. ती फक्त मागच्या बाकावर जाऊन बसली होती. पुढें २००३ सालीं हिरो होंडाची करिझ्मा आली, २०११ सालीं होंडाची सीबीआर २५० आर आली, २०१६ सालच्या अखेरीस बजाजची डोमिनार ४०० आणि २०१८ सालीं रॉयल एन्फील्डची दोन सिलिंडरांची इंटरसेप्टर ६५०. चाकणच्या कारखान्यांत केटीएम ह्या ऑस्ट्रियन नांवाच्या गाड्या तयार होऊं लागल्या, आणि २०२३ सालापासून ट्रायम्फ ह्या इंग्रजी नांवाच्याहि. ह्यांतील प्रत्येक गाडी काटेकोर व्याख्येनें स्पोर्ट टूरिंग जातीची नव्हे. परंतु पेट्या बांधून घाट चढून जाण्याचें काम त्या करतात, आणि परदेशांतून आणलेल्या गाडीची किंमत ज्याच्या स्वप्नांतहि मावत नाहीं अशा मनुष्याच्या त्या आटोक्यांत आहेत. घराचें कर्ज फिटलें, मुलें मिळवतीं झालीं, आणि मागच्या बाकावरची इच्छा उठून उभी राहिली, एवढाच ह्या खुळाचा इतिहास आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. ‘आतां वानप्रस्थाचें वय’ असें जे म्हणतात त्यांस आम्ही इतकेंच सुचवितों कीं, वानप्रस्थ म्हणजे घराबाहेर पडणें. दूरचित्रवाणीपुढें बसून राहणें नव्हे. पैशाविषयींचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. कर्ज काढून चैन करूं नये. मुलीच्या शिक्षणाचे पैसे गाडींत घालणारा गृहस्थ आमच्या सहानुभूतीस पात्र नाहीं.

तिसरा आक्षेप जिवाचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरचीं होतीं. शिरस्त्राण न घालतां मेलेल्यांची संख्या ५०,०२९ दिली आहे. हे आंकडे वाचून एखाद्या गृहिणीनें नवऱ्याच्या गाडीची किल्ली डाळीच्या डब्यांत लपविली, तर तिला आम्ही दोष देणार नाहीं.

तथापि धोक्याविषयीं बोलतांना आमच्या ह्या टापूंतील लोकांनीं एक गोष्ट विसरूं नये. बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं आली, व पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. तेव्हांपासून हीं गांवें त्या रुळांच्या आधारानें वाढलीं. येथल्या मनुष्याचें आयुष्य लोकलच्या वेळापत्रकास टांगलेलें असतें, आणि पुष्कळदां तो स्वतःहि डब्याच्या दारास टांगलेला असतो. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलगाड्या एकमेकींच्या शेजारून जात असतां दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले व त्यांपैकीं कित्येक प्राणांस मुकले. तीस-तीस वर्षें अशा दारांत उभा राहून जो चाकरी करतो त्यास कोणी बेजबाबदार म्हणत नाहीं. कारण तो धोका पोटासाठीं असतो. तोच मनुष्य एका रविवारीं, हातमोजे चढवून, आपल्या वाहनाचा ब्रेक आपल्याच हातीं ठेवून घाटाकडे निघाला कीं मात्र त्याला अक्कल शिकविणारे दहा जण पुढें येतात. एका धोक्यानें दुसरा माफ होतो, असें आमचें म्हणणें नाहीं. लादलेला धोका आणि निवडलेला धोका ह्यांचे हिशेब निराळे, आणि निवडलेल्याचा हिशेब अधिक कडक असला पाहिजे. पण हिशेबच मांडावयाचा तर तो दोन्ही बाजूंनीं मांडावा, एवढी आमची मागणी आहे.

दुसऱ्या बाजूस काय आहे? आगगाडींतून ह्या जिल्ह्याची फक्त पाठ दिसते. इमारतींच्या मोऱ्या, भिंती आणि नाले. फटफटीवरून त्याचें तोंड दिसतें. कल्याण सोडून म्हारळ, कांबा मागें टाकले कीं रायतें येथें उल्हास नदीचा पूल लागतो आणि तेथून पुढें हवा बदलते. मुरबाड, सरळगांव, टोकावडें अशीं एकामागून एक गांवें येतात. फाल्गुनांत पळस फुललेला असतो, चैत्रांत मोहाच्या झाडाखालीं फुलें वेंचणाऱ्या बाया दिसतात. समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. वैशाखऱ्याच्या पुढें नाणेघाटाची पायवाट फुटते. कल्याण हें जेव्हां मोठें बंदर होतें तेव्हां तेथला माल बैलांच्या पाठीवरून ह्याच घाटानें जुन्नर-पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख सुमारें दोन हजार वर्षें झालीं तरी आहे. इतिहासाच्या तासाला हें सर्व आम्ही शिकवितों, मुलें लिहून घेतात, आणि परीक्षेनंतर विसरतात. परंतु त्या भिंतीच्या पायथ्याशीं गाडी बंद करून, तापलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकत, वर पाहत उभें राहिलें असतां बैलांचा तो तांडा खरा वाटूं लागतो. मोटारींत बसलेल्या मनुष्यास काचेंतून चित्र दिसतें. फटफटीवरच्यास नदीचा गारवा पूल येण्यापूर्वीं मानेस लागतो, आणि पेंढा जाळल्याचा वास शेत दिसण्यापूर्वीं येतो. आम्हीहि ह्याच पंथांतले आहों, हें वाचकांनीं एव्हांना ओळखलें असेलच.

पुढें माळशेजचा घाट, आणि घाट म्हणजे वळणें. ह्या वाहनाचा खरा आनंद वळणांत आहे आणि खरा धोकाहि तेथेंच आहे. म्हणून येथें थोडें गणित करूं. दहावीच्या मुलांनीं तें पडताळून पाहावें. गाडी वळणावर किती कलली पाहिजे तें ठरविण्याची रीत अशी: वेगाच्या वर्गास वळणाची त्रिज्या व गुरुत्वत्वरण ह्यांच्या गुणाकारानें भागावें, जो भागाकार येईल ती कलाच्या कोनाची स्पर्शज्या. त्रिज्या २० मीटर व वेग ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास १० मीटर, धरला तर भागाकार सुमारें ०.५१ येतो व कोन २७ अंशांचा होतो. हा कल सुखाचा. आतां वेग फक्त दीडपट, म्हणजे ताशीं ५४ किलोमीटर, करा. भागाकार सव्वादोनपट होऊन १.१५ वर जातो व कोन ४९ अंशांचा होतो. इतक्या कलावर सामान लादलेल्या साध्या गाडीचे पायखुंट डांबरास घासूं लागलेले असतात आणि टायरांची पकड संपत आलेली असते. त्यांत वाळूचे चार कण असले कीं प्रकरण मिटलें. चोपन्न म्हणजे कांहीं शर्यतीचा वेग नव्हे. सरळ रस्त्यावर त्या वेगाला कोणी वेग म्हणणारहि नाहीं. वळण मात्र तो वेग आपल्या मापानें मोजतें.

आणखी एक गंमत. डावीकडे वळावयाचें असतां हँडलची डावी मूठ हलकेच पुढें ढकलावी लागते. पुढचें चाक क्षणभर उजवीकडे वळतें आणि त्यामुळेंच गाडी डावीकडे कलते. सायकल चालविणारा प्रत्येक मुलगा हें नकळत करीत असतो. दोनशें किलोंच्या गाडीवर तें कळून करावें लागतें. विशेषतः वळण अपेक्षेपेक्षां अधिक आवळत गेलें म्हणजे. अशा वेळीं घाबरलेला मनुष्य दरीकडे पाहतो, आणि जिकडे पाहतो तिकडे जातो. वळणाच्या शेवटाकडे पाहत राहणें हें वाचून येत नाहीं, सवयीनें येतें.

ह्यांत वयाचा संबंध कोठें येतो, तें सांगतों. घाटांत स्वाराचें सगळें कौशल्य वळणापूर्वीं वेग कमी करण्यांत आहे. मागच्यानें आपल्याला ओलांडलें तर विशींतल्या मुलास तो अपमान वाटतो; पन्नाशींतल्यास वाटत नाहीं, निदान वाटूं नये. कोणाला कांहीं दाखवावयाचें उरलेलें नसणें हा ह्या वाहनावरचा सर्वांत मोठा गुण होय, आणि तो विकत मिळत नाहीं. शिरस्त्राणावर कॅमेरा बसवून, आपण ताशीं किती किलोमीटर गेलों ह्याची चित्रें लोकांस पाठविणारे पन्नाशींतले गृहस्थहि आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्याविषयीं हा लेख नाहीं. तसेंच, माळशेजचे धबधबे पाहण्यासाठीं भर आषाढांत, धुक्यांत आणि सुट्टीच्या दिवसाच्या गर्दींत, दरडी कोसळणाऱ्या त्या रस्त्यावर जाणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. आम्ही दिवाळीनंतर जातों. तेव्हां धबधबे नसतात, पण रस्ता दिसतो.

परंतु वयानें दिलेल्या शहाणपणाची बढाई मारतांना वयानें काय नेलें हेंहि मोजलें पाहिजे, आणि येथेंच बहुतेकांचा जमाखर्च खोटा असतो. प्रथम डोळे. चाळिशीनंतर जवळचें अंधुक होऊं लागतें. म्हणजे समोरचा रस्ता स्वच्छ दिसतो, पण हँडलवरील आंकडे दिसत नाहींत. बाहुली लहान होत जाते, भिंग पिवळसर होत जातें. विशींतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोंचतो त्याच्या सुमारें एकतृतीयांशच साठींतल्या डोळ्यांत पोंचतो. समोरून येणाऱ्या दिव्यांनीं डोळे दिपल्यावर पूर्ववत् दिसूं लागण्यासहि अधिक वेळ लागतो. ठाणें-नाशिक रस्त्यावर भिवंडीजवळ रात्रीं मालट्रकांचे दिवे ज्यानें अंगावर घेतले आहेत त्यास ह्याहून अधिक सांगावयास नको. म्हणून पन्नाशीनंतर सूर्यास्तापूर्वीं घरीं, हा नियम. त्यानंतर मनाची चपळाई. ताशीं ६० किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास सतरा मीटरांच्या आसपास जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अर्धा सेकंद अधिक लागला तर आठ मीटर अंतर फुकट गेलें. तें अंतर पुढच्या वाहनापासून आधींच राखून ठेवावें लागतें. मानेचे मणके, गुडघे, मधुमेह्यांचें मध्येंच उतरणारें साखरेचें प्रमाण, मे महिन्याच्या उन्हांत जाड अंगरख्याखालीं सुटणारा घाम, ह्या सर्वांचा विस्तार करीत नाहीं. प्रत्येकाला आपलें दुखणें ठाऊक असतें. चाळिशी उलटल्यावर परवान्यासाठीं नमुना १-अ मध्यें डॉक्टरचा दाखला लागतो. पुष्कळजण तो उपचार म्हणून उरकतात. आमचें सांगणें असें कीं, कायदा विचारो वा न विचारो, दर वर्षीं डोळे खरोखर तपासून घ्यावे.

सर्वांत अधिक धोका आहे तो परत आलेल्या स्वारास. त्याच्या हातांस जी फटफटी आठवते ती शंभर किलोंच्या आंतबाहेरची, अकरा अश्वशक्तींची आरएक्स. आणि दुकानदार त्याच्या हातीं किल्ली देतो ती दोनशें किलोंहून जड, सत्तेचाळीस अश्वशक्तींच्या गाडीची. मधलीं पंचवीस वर्षें तो स्कूटर आणि लोकल ह्यांवर काढतो. तरी ‘मला येतें’ ही समजूत कायम असते. अशा मनुष्यानें आधीं लहान गाडीवर सहा महिने काढावे, मोकळ्या मैदानांत ब्रेक लावण्याचा अभ्यास करावा, आणि शिकविणारा आपल्या मुलाच्या वयाचा असला तरी त्याचें ऐकावें. १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या मोटारसायकलींस चाक अडकूं न देणारी ब्रेकयोजना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आहे. ती उत्तम आहे. परंतु ब्रेक पुरता दाबण्याचें धैर्य स्वाराजवळच लागतें, आणि जुन्या गाड्यांवर शिकलेल्यांचा हात त्या वेळीं आंखडतो.

शिरस्त्राणाविषयीं बोलतांना एका प्रसिद्ध स्वाराची आठवण होते. अरबस्तानांतील पराक्रमामुळें ज्याचें नांव झालें तो टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलींचा विलक्षण भोक्ता होता. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें जॉर्ज ब्रो हा ब्रो सुपीरियर नांवाच्या अत्युत्कृष्ट गाड्या बनवी. त्यांतील सात गाड्या लॉरेन्सनें एकामागून एक वापरल्या व आठवी तयार होत होती. आपल्या गाडीस तो बोआनेर्गेस म्हणे. शुभवर्तमानांत याकोब व योहान ह्या बंधूंस मिळालेलें हें नांव, ‘गर्जनेचे पुत्र’ ह्या अर्थाचें. १३ मे १९३५ रोजीं, वायुदलाची नोकरी संपवून तीनहि महिने झाले नसतां, डॉर्सेट परगण्यांतील आपल्या घराजवळ, सायकलवरील दोन मुलांस चुकवितांना तो फेंकला गेला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. सहा दिवसांनीं तो वारला. वय ४६, म्हणजे आमच्या ह्या लेखाच्या ऐन विषयाचें. उपचारास बोलाविलेल्या शल्यवैद्यांत ह्यू केर्न्स हे होते. ह्या मृत्यूचा त्यांच्या मनावर जो परिणाम झाला त्यांतून त्यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास हातीं घेतला व १९४१ सालीं शिरस्त्राणाच्या उपयोगाविषयींचा निबंध प्रसिद्ध केला. आज ठाण्याच्या नाक्यावर पोलीस ज्या वस्तूसाठीं एक हजार रुपये दंड करतो तिची शास्त्रीय कुळकथा ही अशी आहे. आपल्या देशांत १ जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेच्या शिक्क्याशिवाय दुचाकीचें शिरस्त्राण विकण्यास मनाई आहे. तरी रस्त्याच्या कडेला टोपल्यासारखीं टांगलेलीं शिरस्त्राणें घेऊन चार लाखांच्या गाडीवर बसणारे महाभाग दिसतातच.

घरच्या माणसांविषयीं. गाडी लपवून घेऊं नये. ‘मित्राची आहे’ असें सांगून महिनाभर दुसऱ्याच्या इमारतीखालीं ठेवलेली गाडी शेवटीं घरीं येतेच, आणि येतांना भांडण बरोबर घेऊन येते. पत्नीस विम्याचे कागद दाखवावे. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा कायद्यानें आवश्यक आहे. पण तो मृत्यु व कायमचें अपंगत्व ह्यांसाठीं, इस्पितळाच्या बिलासाठीं नव्हे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. त्यासाठीं निराळी तरतूद हवी. आणि तिला मागें बसावयाचें असेल तर तिच्या पाठीचा विचार करून गाडी घ्यावी. बसावयाचें नसेल तर आग्रह धरूं नये. तिला स्वतःस पुढें बसावयाचें असेल हा विचार कित्येक गृहस्थांस सुचतहि नाहीं. पुण्यांत २०११ सालीं सुरू झालेली ‘बाइकर्नी’ ही केवळ स्त्रियांची मोटारसायकल-संस्था आज देशभर पसरली आहे.

कोणी विचारील कीं, मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर दुचाकीस बंदी, २०२४ सालीं उघडलेल्या अटल सेतूवरहि बंदी. मग जावें कोठें? ह्या बंदीचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंस कठडे असलेला रस्ता लवकर पोंचण्यासाठीं असतो. ज्याला लवकर पोंचावयाचें असेल त्यानें खुशाल आगगाडीनें जावें. आम्हांस खोपोलीवरून बोरघाट चढणारा जुना रस्ता पुरतो.

आमच्या विद्यार्थ्यांस येथें एक शब्द. वडील जातात म्हणून आपणहि किल्ली उचलावी असें कोणास वाटत असेल, तर गिअरच्या मोटारसायकलीस अठरा वर्षें पूर्ण झालेलीं लागतात, आणि अल्पवयी मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो. तोंपर्यंत सायकल आहे. वर सांगितलेलें वळणाचें सगळें गणित सायकलीसहि लागू आहे.

राहतां राहिला प्रश्न थांबण्याचा. टेड सायमन नांवाचे इंग्रज वृत्तपत्रलेखक १९७३ सालीं पांचशें घनसेंटिमीटरांची ट्रायम्फ गाडी घेऊन लंडनहून निघाले व चार वर्षें जगभर, भारतांतूनहि, फिरले. आणि २००१ सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतां, तोच प्रवास करण्यास पुन्हां निघाले. त्यांचें उदाहरण आमचे मित्र वारंवार देतात. तें खरें आहे आणि हुरूप देणारें आहे. पण सत्तर ही त्यांची संख्या, आपली नव्हे. आमच्या परिचयाचे ठाण्याचे एक गृहस्थ दर सहा महिन्यांनीं स्वतःची परीक्षा घेत: गाडी आडवी पडली तर पाठ न वांकवितां, पायांच्या जोरावर ती एकट्यानें उचलतां येते कीं नाहीं; आणि बसल्या जागेवरून मान वळवून उजव्या खांद्यामागचें वाहन दिसतें कीं नाहीं. त्रेसष्टाव्या वर्षीं गाडी उचलतां आली, पण मान वळेना. त्याच आठवड्यांत त्यांनीं गाडी विकली. ‘आरसे मोठे लावा’ म्हणणाऱ्या मित्रांचें ऐकलें नाहीं. घेणारा सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याला त्यांनीं गाडीबरोबर आपली हिशेबाची वही दिली, तींत प्रत्येक वेळीं बदललेल्या तेलाची तारीख आहे. आतां ते सकाळीं लहान स्कूटरवरून जांभळी नाक्यावर भाजी आणावयास जातात, तेंहि घाटांत घालावयाचें तेंच तोंड झांकणारें शिरस्त्राण घालून. भाजीवाल्या हसतात. ते काच वर करून मेथीचा भाव विचारतात.